किल्ल्या कोणाच्या हाती?

नगरपालिका ही लोकशाहीची पहिली पाठशाळा होय, हा विचार आपल्याकडे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ सालच्या ठरावापासून रूढ आहे. पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात सभासद होते; गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. ज्या सभागृहाची परंपरा ही, त्यात प्रवेश मिळविण्यासाठी आज खंडणी, मारहाण आणि जमीन बळकावणे अशा आरोपांचे धनी उभे राहतात, आणि त्यांना उमेदवारी देताना पक्षांना यत्किंचितही संकोच वाटत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे महापालिकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचा अंमल चालला. आम्हांस आमचे प्रतिनिधी हवेत, अशी रास्त तक्रार नागरिकांनी तेव्हा केली. ते प्रतिनिधी कसे हवेत, याचाही विचार त्यांनी करावयास नको काय?

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. आमदारकीस जो कायद्याने अपात्र, तो नगरसेवकपदासही अपात्र, असा दंडक तीत आहे. परंतु ही अपात्रता दोष सिद्ध झाल्यावरची. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि निकाल लागेपर्यंत आरोपीची कारकीर्द सुखेनैव पार पडते.

दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे. राजकीय सूडापोटी खोटे खटले भरले जातात, हेही आम्ही जाणतो. तुरुंगवास हा तर स्वतः कलंक नव्हेच; पंडित जवाहरलाल नेहरू १९२३ साली अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, ते तुरुंगवास भोगूनच. पण मोर्चा काढल्याबद्दलचा खटला आणि दुकानदाराकडून हप्ता उकळल्याबद्दलचा खटला यांतील भेद कळण्यास कायद्याची पदवी लागत नाही. शिवाय हे तत्त्व आरोपीला शिक्षेपासून संरक्षण देते. उमेदवारीचा हक्क देत नाही. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला सरकारी कारकून आपोआप निलंबित मानला जातो. त्याला कोणी दोषी ठरविलेले नसते. केवळ सार्वजनिक काम काही काळ त्याच्या हाती ठेवणे उचित नसते. जो नियम फाईल हलविणाऱ्यास लागू, तो कोट्यवधींचे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यास का नसावा?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पक्षांना मात्र आजही कोणी अडविलेले नाही. लोकसभा व विधानसभेसाठी असा उमेदवार का निवडला, याची कारणे पक्षांनी जाहीर करावीत आणि नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बजाविले. हीच कसोटी पक्षांनी प्रभागातही आपणहून लावावी, एवढी अपेक्षा जास्त आहे काय?

पण दोष केवळ पक्षांचा नाही. नळाची जोडणी, रुग्णालयातील खाट, पोलीस ठाण्यातील तक्रार ही कामे जेथे नियमाने होत नाहीत, तेथे ती करून देणारा 'दादा' लोकांना आधार वाटतो. जो धाक घालतो, त्याच्याच दाराशी गरजवंताला जावे लागते. ही लाचारी आहे, आणि तिला हसण्याचा अधिकार सुशिक्षित मध्यमवर्गाला मुळीच नाही. गरजवंत निदान रांगेत उभा राहून मत देतो. हा वर्ग मतदानाची सुट्टी सहलीत घालवितो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडून राजकारणाच्या अधःपातावर हळहळतो. प्रभागाची निवडणूक अनेकदा काही शेकडा मतांनी फिरते. ती मते बहुधा घरी बसलेल्यांचीच असतात.

उमेदवाराची पार्श्वभूमी जाणण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केला. स्थानिक निवडणुकांतही उमेदवाराला आपल्यावरील गुन्ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. ते शपथपत्र वाचावे, दाराशी आलेल्या उमेदवाराला त्याविषयी विचारावे, आणि मग मत द्यावे. एवढेही आपल्या हातून होणार नसेल, तर जामदारखान्याच्या किल्ल्या चोराच्या हाती गेल्या म्हणून आक्रोश करण्यात अर्थ नाही. त्या किल्ल्या आपणच उंबरठ्यावर टाकून दिल्या होत्या.