चित्र आपल्या दारातले हवे



आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते. आता ज्या लेकराला मराठी बाराखडीही धड येत नाही, त्याला इंग्रजी शब्द आणि अर्थ वहीत उतरवून घे म्हणून कसे चालेल? त्याला चित्रच पाहिजे. ही काही नवी गोष्ट नाही. युरोपात कोमेनियस नावाच्या शिक्षकाने १६५८ सालीच मुलांना लॅटिन शिकवायला चित्रांचे पुस्तक छापले. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यात जातककथा रंगवल्या आहेत. वाचता न येणाऱ्यालाही त्यातला हत्ती ओळखता येतो.

पण चित्र कोणते, हा माझा मुद्दा आहे. बाजारच्या तक्त्यावर आय म्हणजे इग्लू. बर्फाचे घर! इथे मे महिन्यात घरावरचे पत्रे तापतात आणि पहिलीच्या पोरांनी बर्फाचे घर पाठ करायचे. एक्सला झायलोफोन. ते वाद्य आपल्या गावात कोण वाजवतो? शिवाय त्याचा उच्चार 'झ'ने सुरू होतो, मग एक्सचा आवाज कळणार कसा? त्यापेक्षा ऑक्स काढा आणि शेवटचा एक्स लाल रंगवा.

ऑक्समध्ये आणखी एक गंमत आहे. वळू म्हणजे बुल आणि औताचा बैल म्हणजे ऑक्स. पुष्कळ जण दोघांनाही बुलच म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला हा फरक कोणी शिकवायला नको. दोन चित्रे शेजारी लावली की दोन शब्द डोक्यात बसले. तसेच कापूस, मोसंबी, चूल, विळा.

चित्राने सगळेच भागते असे नाही. पाणी नेणाऱ्या बाईचे चित्र दाखवून वॉटर म्हटले, तर लेकरू बाईलाच वॉटर समजेल. तिथे खरा पाण्याचा तांब्या पुढे ठेवावा. 'उद्या'चे चित्र कसे काढणार? ते गुरुजींनी सरळ मराठीत सांगावे, त्यात कमीपणा कसला? आणि खाली शब्द लिहिलेला असला तरी पोरं चित्र पाहूनच बोलतात, अक्षराकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणून मधूनमधून चित्र झाकून नुसता शब्द वाचायला लावावा.

ही चित्रे आपण सातवीच्या मुलांनी काढावीत. कागद विकत आणायला नको. पालकांनो, घरी आलेल्या लग्नपत्रिका फेकू नका. कागद जाड असतो आणि पुष्कळ पत्रिका पाठकोऱ्या असतात. त्या पहिलीच्या वर्गात आणून द्या. मोसंबी कोणीही काढील. बैल मी काढतो.