जाळे कोणाचे, पाणी कोणाचे?

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पोटात आहे. घोड नदीवरील या जलाशयाचे नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. धरणामुळे दूरवरची शेते भिजली. ज्यांची भातखाचरे बुडाली, त्या वनवासी कुटुंबांना मात्र त्याच पाण्यातील मासळीचा आधार शोधावा लागला. 'शाश्वत' या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी सहकारातून मासेमारी उभी केली. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

येथे बोटुकली सोडायची, ती वाढेपर्यंत थांबायचे आणि मगच जाळे टाकायचे, हा क्रम आहे. समुद्रातील ट्रॉलरची रीत याच्या उलट आहे. बोटीमागे शंकूच्या आकाराचे जाळे ओढले जाते. दोन्ही बाजूंच्या जड फळ्या पाण्याच्या दाबाने दूर सरतात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. वरच्या दोराला तरंगणारे गोळे, खालच्या दोराला वजने. हा खालचा दोर तळ खरवडत जातो. ताणामुळे जाळ्याचे आस मिटतात आणि पिल्लेही शेपटाकडच्या पिशवीत अडकतात. ज्यांना बाजार नाही, ती खत वा कुटीच्या कारखान्यात जातात.

ट्रॉलरवरील खलाशी काही खलनायक नव्हे. कर्ज आणि डिझेल यांचा खर्च त्याच्या मालकाच्या मानेवर बसलेला असतो. एकाने संयम पाळला, तर त्याचा वाटा दुसरा ओढून नेतो. म्हणूनच नियम सर्वांना सारखा हवा. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये त्यातील दंड वाढवला गेला, पावसाळी बंदीही आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. २०२३ मध्ये आपण पापलेटला राज्यमासा ठरवले. त्याच्या पिल्लांची विक्री थांबली नाही, तर तो गौरव कागदावरच राहील.

जलाशयांनाही हाच न्याय लागू आहे. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे या जलाशयांतील मासेमारीचा ठेका केवळ चढ्या बोलीवर दिला, तर मुदत संपण्यापूर्वी सारे उपसून नेण्यातच ठेकेदाराचा लाभ. ज्याला उद्याही त्याच काठावर राहायचे आहे, तोच पाणी राखील. तेव्हा पहिला हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थांचा असावा. महसूल थोडा घटला तरी चालेल.

आणि आपण ग्राहक? महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूने १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाची मालमोटार अडवताना प्राण दिले. काय विकत घ्यावे, हाही देशकार्याचा प्रश्न आहे, हे त्या गिरणी कामगाराला उमगले होते. आपल्याला तर केवळ तळहाताएवढे पापलेट परत टोपलीत ठेवायचे आहे.