बागेतलं तीन पायांचं हरीण

गेल्या जानेवारीत लेकीला घेऊन आमच्या शहरातल्या बागेत गेलो. आत शिरताच तिनं विचारलं, "पप्पा, या हरणाचा पाय कोणी तोडला?" फायबरचं हरीण ते. एक पाय गायब, आतला गज बाहेर. शेजारी प्लास्टिकच्या दिव्यांचं झाड. दिवा एक पेटत नाही, वायरी मात्र उघड्या. खरी झाडं पाण्यावाचून वाळलेली. याला म्हणे सुशोभीकरण!

आता मुंबईत चला. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली सुरू झाली. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊ कुठल्या? आपल्या सिंदखेड राजाच्या. त्यांच्या नावाच्या या बागेत थंडी सरता सरता महापालिकेचा उद्यान विभाग पुष्पोत्सव भरवतो. फुलांची शिल्पं उभी राहतात. २०२५ ला विषय होता राष्ट्रीय प्रतीकं. दोन-तीन दिवस लोक लोटतात, मग सगळं उतरतं आणि बाग बागच राहते. पुण्यातही २६ जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं.

लगेच कुणीतरी म्हणेल, "भाऊ, ती मुंबई. आपल्या पालिकेकडे पैसा कुठंय?"

पैसा नाही, तर हे हरीण काय फुकट आलं? आणि असं काही करायला पैसाच लागतो हे सांगितलं कुणी? जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ आठवा. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी वावरात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधोमध खड्डा, मातीची ढेकळं, त्यावर घागर, पापड, करंजी. भाकितावर माझा काडीचा विश्वास नाही, ते भांडण वेगळं. पण मांडणी बघा. हंगामाला येते, एक रात्र राहते, मागे वावर जसंच्या तसं. ठेकेदार नाही, गंजका गजही नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो. "इथं सोयाबीन-कपाशीला भाव नाही अन् तुम्हाला फुलांचे हत्ती सुचतात?" हो, सुचतात. दसरा सरला, भाव पडला की झेंडू रस्त्यावर ओतणारा शेतकरी आपलाच आहे ना? मग तीन दिवसांची फुलं त्याच्याकडूनच घ्या, रोख पैसे देऊन. आणि मजुराच्या पोराला तिकीट न काढता बसता येईल अशी जागा गावात दुसरी कोणती उरली आहे?

म्हणून मागणी साधी आहे. १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती. तिथून २६ जानेवारीपर्यंतचे कोणतेही तीन दिवस बाग शाळांच्या पोरांना, कुंभारांना, माळ्यांना, फुलं पिकवणाऱ्यांना द्या. फुलं, माती, बांबू, चिंध्या, जे मातीत जाईल किंवा घरी परत नेता येईल तेच वापरा. झाडाला खिळा नको. चौथ्या दिवशी बाग मोकळी. आणि खर्चाचा कागद बागेच्या दारावर लावा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. त्याचं कलम ४ सांगतं की अशी माहिती कुणी मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करायची.

तो कागद लावायची तयारी नसेल, तर हरणाचा पाय कोणी तोडला, हे लेकीला काय सांगायचं ते मला कळलंय.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा. पण आधी एकदा आपल्या गावच्या बागेत चक्कर मारून या.