विमानतळ आलं, टेकडी गेली

डोंबिवलीहून विमान पकडायचं तर आजवर थेट मुंबईचं विमानतळ गाठावं लागायचं. आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय. 8 ऑक्टोबर 2025ला उद्घाटन, 25 डिसेंबरपासून उड्डाणं. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवासी. भागीदारी सिडको आणि अदानी समूहाची, टर्मिनलचं डिझाइन लंडनच्या झाहा हदीद आर्किटेक्ट्सचं. ग्राउंड स्टाफ, कार्गो, हॉटेल अशा नोकऱ्यांवर तुमचाही डोळा असेलच.

पण या धावपट्टीसाठी सुमारे 90 मीटर उंचीची उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदी वळवली गेली, दहा गावं हलली. टेकडी म्हणजे नुसता दगड नव्हे, ती पावसाचं पाणी अडवते, मुरवते. आपल्याकडेही ऐरोली-काटई रस्त्यासाठी पारसिकचा डोंगर पोखरलाय. फरक इतकाच, की बोगदा काढला तरी वर डोंगर उरतो, सपाट केला की संपतो.

म्हणून पुढचा प्रकल्प जाहीर झाला, की ‘किती मिनिटं वाचणार?’ यासोबत ‘डोंगराचं काय?’ हेही विचारा. अनेक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिथे स्थानिक म्हणून बोलायला नगरसेवक असावं लागत नाही.