भरतीरेषेखालचे शहर

पावसाळ्यात दिवसातून दोनदा अशी वेळ येते, की ठाणे खाडीतले पाणी नवी मुंबईच्या बऱ्याच सेक्टरांच्या जमिनीपेक्षा उंच असते. भरती चढत जाते, नाल्यांची तोंडे बंद होतात आणि त्याच वेळी पारसिकच्या डोंगरावरून पाणी खाली येत असते. या काही तासांत पडलेला पाऊस कुठे साठवायचा, हा या शहरापुढचा सर्वांत जुना प्रश्न. तो हवामान बदलाने निर्माण केलेला नाही, पण दरवर्षी थोडा थोडा अवघड मात्र केला आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी वीस सेंटिमीटरने वाढली. कोकणपट्टीचा पाऊस थोड्या तासांत अधिक जोराने कोसळू लागला आहे. भरतीरेषेखाली वसलेल्या शहराला या दोन गोष्टी एकत्र झेलायच्या आहेत. म्हणून नवी मुंबई महानगरपालिका हवामान बदलासाठी काय करते, याचा हिशोब झाडांच्या संख्येवरून किंवा सौर दिव्यांवरून मांडण्याआधी पाण्यावरून मांडला पाहिजे.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. सगळीच सखल जमीन भराव टाकून उंच करणे खर्चाचे होते. त्याऐवजी खाडीच्या कडेने बांध, बांधात झडपा आणि त्याच्या आत धारण तलाव, अशी रचना केली गेली. तिचे काम सोपे आहे. भरती आली की खाडीच्या दाबानेच झडपा मिटतात, खारे पाणी आत येत नाही. शहरातले पाणी नाल्यांतून तलावात जमते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडपा उघडतात आणि तलाव रिकामा होऊन पुढच्या भरतीसाठी सज्ज होतो. वीज लागत नाही, पंप लागत नाही. फक्त दोन अटी आहेत: झडप हलली पाहिजे आणि तलाव खोल राहिला पाहिजे.

ही डच पद्धत म्हणून सांगितली जाते आणि ते खरेही आहे. पण याच किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना ती कुणी परदेशातून आणून द्यावी लागली नव्हती. खाजणात बांध घालून भात पिकवायचे, बांधाला उघाडी ठेवायची, भरतीला ती बंद आणि ओहोटीला मोकळी, हे खारेपाटातले पिढ्यान्‌पिढ्यांचे तंत्र. बांधाला खांड गेली, की त्या बांधाआड ज्यांची शेते असतील त्या सगळ्यांनी मिळून ती बुजवायची, अशी जोळ पद्धत होती. ज्याचे शेत, त्याचे श्रम. पुढे १९४८ च्या खारभूमी कायद्याने सरकार त्यात उतरले आणि सामुदायिक जबाबदारी हळूहळू खात्याकडे गेली. नवे शहर आले तेव्हा बांध सिडकोचे झाले, तलाव नंतर महापालिकेकडे आले. बांधाआड राहणाऱ्यांची संख्या काही हजारांवरून दहा लाखांच्या पुढे गेली. पण बांध सांभाळण्यात त्यांपैकी कुणाचाही हात उरला नाही. वाशी किंवा नेरूळच्या रहिवाशाला आपल्या घरामागचा ‘तलाव’ म्हणजे फेरफटका मारायची जागा वाटते. तो आपल्या तळमजल्याचा रक्षक आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

आज या तलावांची अवस्था चांगली नाही. अनेक ठिकाणी गाळ साचून खोली कमी झाली, गाळात कांदळवन उगवले आणि तिथून गुंतागुंत सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनाला संरक्षण दिले. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही ते तोडायचे तर न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे तलावातला गाळ काढण्याचा विषय वर्षानुवर्षे कागदावर राहिला, आणि पालिकेने तात्पुरता उपाय म्हणून पंप बसवले. यावर शहरात दोन टोकाची मते ऐकू येतात. एकाला कांदळवन म्हणजे कामातला अडथळा वाटतो, दुसऱ्याला गाळ काढणे म्हणजे बिल्डरांसाठी वाट मोकळी करणे. दुसऱ्या मताला इतिहासाचा आधार आहे, पाणथळ जागांवर डोळा ठेवणारे प्रस्ताव या शहराने कमी पाहिलेले नाहीत. तरीही आमचे मत असे, की तलावाची खोली आणि खाडीकाठचे कांदळवन या दोन्ही गोष्टी शहराच्या संरक्षणाच्याच आहेत. प्रत्येक तलावाचा स्वतंत्र अभ्यास करून, जेवढे लागेल तेवढेच आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली गाळ काढणे, आणि त्या बदल्यात खाडीकाठी वाढलेले जंगल नोंदीत दाखवणे हा मार्ग शक्य आहे. सरसकट परवानगी मागितली की सरसकट नकार येतो.

गाळ कुठून येतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पारसिकच्या उतारावर दगडखाणींनी डोंगर पोखरला, उतार उघडे पडले, माती सुटली. त्यात शहरभर चाललेल्या पुनर्बांधणीचे आणि ठाणे-मुंबईहून रात्री ट्रकने येऊन टाकल्या जाणाऱ्या राडारोड्याचे प्रमाण मोठे आहे. पालिकेने त्यासाठी भरारी पथके नेमली, तुर्भ्याला राडारोड्यावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था उभी केली, ही बरी पावले. पण राडारोड्याचा ट्रक पकडणे हे स्वच्छतेचे काम मानले जाते, पूरनियंत्रणाचे नाही. डोंगर, नाला, तलाव आणि खाडी ही एकच वाट आहे. तिच्यावर घनकचरा विभाग, अभियांत्रिकी विभाग, वन विभाग, सिडको आणि एमआयडीसी असे पाच जण वेगवेगळ्या ठिकाणी बसले आहेत. या वाटेचा एक नकाशा आणि एक जबाबदार अधिकारी असणे, हे कुठल्याही नव्या प्रकल्पापेक्षा मोलाचे ठरेल.

वाट अडली की काय होते, हे नेरूळच्या डीपीएस तलावाने दाखवून दिले. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजत गेले, पाणी साचून हिरवे पडले, आणि २०२४ मध्ये तिथे काही फ्लेमिंगो मेले. पक्षिप्रेमींनी आणि आसपासच्या रहिवाशांनी हा विषय सोडला नाही. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव राखीव संवर्धन क्षेत्र करण्यास मान्यता दिली. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्या अभयारण्याच्या पक्ष्यांना भरतीच्या वेळी टेकायला हेच तलाव लागतात. स्वतःला फ्लेमिंगोंचे शहर म्हणवून घेणाऱ्या पालिकेने आपल्या विकास आराखड्यात अशा प्रत्येक जागेसमोर ‘पाणथळ’ हा शब्द स्पष्ट लिहावा.

पालिकेच्या खात्यावर जमेच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्या मोकळेपणाने सांगायला हव्यात. खालापूर तालुक्यातले मोरबे धरण विकत घेऊन स्वतःच्या मालकीचे करणाऱ्या महापालिका देशात मोजक्याच आहेत. सांडपाण्यावर चांगल्या दर्जाची प्रक्रिया इथे होते, आणि ऐरोली व कोपरखैरणे येथील दररोज प्रत्येकी वीस दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पांतून ते पाणी आणखी शुद्ध करून एमआयडीसीतल्या कारखान्यांना देण्याची सोय झाली. जेवढे असे पाणी कारखाने घेतील, तेवढे धरणाचे पाणी घरांसाठी वाचेल. कोपरखैरण्याच्या जुन्या कचराभूमीवर निसर्गोद्यान उभे आहे. परिवहन उपक्रमाने विजेच्या बस आणल्या. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली देशात तिसरा क्रमांक मिळाला आणि त्यानंतरही शहर वरच्या पंक्तीत राहिले. शिस्तीने चालणारी यंत्रणा काय करू शकते, याचा हा पुरावा. म्हणूनच अपेक्षा मोठी ठेवायची. कचरा रोज दिसतो, तक्रार रोज येते, त्यामुळे काम रोज होते. धारण तलाव जुलैतल्या एखाद्या रात्रीच आठवतो.

उन्हाचे तसेच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. खारघर पनवेल महापालिकेत येते, नवी मुंबईत नाही, पण ऊन हद्द पाहत नाही. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. किनाऱ्यावर हवेतल्या दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. हवामान विभाग किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांवर ठेवतो, तो याचसाठी. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात शेकडो माणसे गमावल्यावर २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्मा कृती आराखडा केला. शेजारच्या ठाण्याने २०२४ मध्ये स्वतःचा केला.

नवी मुंबईत असा आराखडा कुणासाठी हवा, हे शोधायला लांब जावे लागत नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा-बटाटा, फळे, भाजी, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांत हजारो माथाडी कामगार एप्रिल-मेच्या दुपारी पाठीवर पोती वाहतात. नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर, ट्रकचालक, सफाई कामगार, तुर्भे स्टोअर आणि दिघ्याच्या वस्त्यांत पत्र्याच्या छपराखाली दिवस काढणाऱ्या बायका आणि मुले. त्यांच्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत. जड कामाच्या वेळा सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवणे, बाजारात सावलीच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या जागा, पत्र्याला पांढरा रंग, नागरी आरोग्य केंद्रात उष्माघाताच्या रुग्णासाठी राखीव खाट, आणि आदल्या संध्याकाळी मराठी-हिंदीत सूचना. बाजार समिती, माथाडी मंडळ आणि पालिका यांनी मार्चमध्ये एका टेबलाशी बसून हे ठरवले तर एप्रिलमध्ये अंमलात येईल.

शहरात धोका सगळ्यांना सारखा नाही. सेक्टरमधल्या इमारतीत पाणी शिरले तर वाहनतळातली गाडी जाते. भरावामुळे आसपासचे रस्ते आणि सेक्टर उंच झाले, तिथे मूळ गावठाण खोलगट राहिले, आणि पाणी थेट चुलीपर्यंत येते. डोंगराच्या पायथ्याशी झोपडीत राहणाऱ्याला दरड आणि नाला या दोन्हींची भीती. पालिका दर पावसाळ्याआधी धोक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना नोटिसा देते. नोटीस देऊन कायद्याचे काम होते, पण पर्यायी जागा दिल्याशिवाय माणूस हलत नाही. ज्यांनी या शहरासाठी जमिनी दिल्या आणि जानेवारी १९८४ च्या आंदोलनात ज्यांच्या पाच माणसांनी गोळ्या झेलल्या, त्या प्रकल्पग्रस्त गावांना आता पाण्याचा मारही आधी सोसावा लागणे हे न्यायाचे नाही. आणि खाडीबद्दलचे सगळ्यांत जास्त ज्ञान याच गावांत आहे. कोणत्या झडपेत ओंडका अडकला, कोणत्या नाल्याचे तोंड बुजले, हे दिवाळे, सारसोळे किंवा करावेच्या मच्छीमाराला अभियंत्याच्या आधी कळते. त्याला विचारायची व्यवस्थाच नाही.

जोळ पद्धत जशीच्या तशी परत आणावी, असे आम्ही म्हणत नाही. दहा लाखांच्या शहराचा बांध श्रमदानावर चालणार नाही. पण प्रत्येक धारण तलावासाठी एक स्थानिक समिती नेमता येईल. तिच्यात गावातले मच्छीमार असावेत, सोसायट्यांचे पदाधिकारी, जवळच्या वस्तीतल्या महिला बचत गटाच्या प्रतिनिधी आणि विभाग कार्यालयाचा अभियंताही असावा. मे महिन्यात त्यांनी एकत्र तलाव पाहावा, झडपा उघडून-मिटून पाहाव्यात, खोली मोजावी आणि ती पाटीवर लिहून तलावाकाठी लावावी.

पैशाची अडचण सांगितली जाते, ती या पालिकेने सांगू नये. तिचा वार्षिक अर्थसंकल्प पाच हजार कोटींच्या पुढे आहे. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्प मांडून कोणता खर्च कशासाठी, हे वेगळे दाखवायला सुरुवात केली. नवी मुंबईने तेवढे तरी करावे. त्यातही नव्या कामांसाठीची आणि देखभालीसाठीची रक्कम वेगवेगळी दाखवावी. भूमिपूजन नव्या पुलाचे होते, झडपेला वंगण घालण्याचे होत नाही, आणि अंदाजपत्रकातही तोच कल उतरतो.

मे २०२० पासून साडेपाच वर्षांहून अधिक काळ या महापालिकेवर प्रशासक होता. २०१५ नंतरची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये आली. एवढ्या काळात शहर वाढले, विमानतळ आला, जुन्या इमारतींच्या जागी बहुमजली मनोरे उभे राहू लागले, आणि त्याबद्दल सभागृहात प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधी नव्हता. आता नगरसेवक आहेत. पावसाळापूर्व कामांचा आढावा नालेसफाईच्या टक्केवारीवर संपवू नका, प्रत्येक धारण तलावाची मूळ क्षमता आणि आजची क्षमता असा तक्ता सभागृहाच्या पटलावर मागा, अशी आमची त्यांना विनंती आहे. नागरिकांनीही आपल्या नगरसेवकाला पाऊस सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आपल्या विभागातल्या तलावात आज किती पाणी मावते?