कॉईल बदलण्यापूर्वी प्लाटिन पाहा



ऊस विकास विभागाचा माणूस बेणे-खत सोडून इंजिनावर का लिहितो, असे कोणी विचारील. सरी पाडायच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर बसला की लागवड लांबते, आणि ते दुखणे शेवटी आमच्याच विभागाकडे येते, म्हणून.

डिझेल ट्रॅक्टरला ठिणगी लागतच नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच त्यातले तेल पेटते. तेव्हा हे लिहिणे शिरपूर जैन भागात ज्यांच्या गोठ्यामागे पेट्रोल-रॉकेलवरचा जुना फर्ग्युसन किंवा पेट्रोलची विलीज जीप अजून उभी असेल, त्यांच्यासाठी. गाडी सुरू होईना की मिस्त्री म्हणतो, "कॉईल गेली." आपण मुकाट्याने नवी आणतो. माझे स्पष्ट मत असे की बहुतेक वेळा बिचारी कॉईल ठणठणीत असते.

कॉईलमध्ये लोखंडी गाभ्यावर दोन तारा गुंडाळलेल्या असतात. जाड तारेचे वेढे काहीशे, केसासारख्या बारीक तारेचे हजारो. प्लाटिन मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह जाड तारेतून वाहतो व गाभा चुंबक बनतो. कॅमच्या उंचवट्याने प्लाटिन उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा झटका उठतो. उपशाची मोटर बंद होताच पाइपलाइनमधले पाणी व्हॉल्व्हवर कसे आदळते, तसेच. मात्र प्रवाह झटकन तुटला पाहिजे. त्यासाठी कंडेन्सर असतो. तो बिघडला की ठिणगी प्लाटिनवरच उडते, ते जळते आणि प्लगला काही पोचत नाही.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर ही उघडझाप ३००० वेळा होते. मग आधी झिजणार कोण? (नाव प्लाटिन असले तरी टोके बहुधा टंगस्टनची असतात.) कॅमवर घासणारी टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. विलीज जीपला पूर्ण उघडल्यावर ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर फट लागते. ट्रॅक्टरची त्याच्या पुस्तकात पाहावी. टोके बारीक कानशीने साफ करावीत. पॉलिश पेपर नको, त्याचे कण तिथेच रुतून बसतात.

रॉकेलवाल्यांनी तर जास्तच जपावे. ठिणगी मंद असली की रॉकेल अर्धवट जळते, उरलेले सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करते, आणि मग बेअरिंगांचा खर्च येतो. प्लाटिनचा खर्च त्यापुढे काहीच नाही. प्रत्येक गट कार्यालयात एक फीलर गेज ठेवावा, ज्याला लागेल त्याने तिथेच वापरावा, अशी माझी सूचना आहे.

इंजिन बंद असताना चावी मात्र चालू ठेवू नये. प्लाटिन मिटलेले राहिले तर कॉईल तापत राहते, आणि मग ती खरोखरच जाते.

— ऊस विकास अधिकारी