रडणाऱ्या मुलाआधी शाळा तपासा

जून उजाडला की शाळेच्या फाटकापाशी रडारड सुरू होते आणि सल्ल्यांनाही ऊत येतो. दोन दिवस रडेल, मग रुळेल. खाऊचं आमिष दाखवा. सरळ उचला आणि वर्गात सोडून या. यातला पहिला सल्ला बऱ्याचदा खरा ठरतो. तीन-चार वर्षांचं मूल आईपासून दूर राहायला बिचकतं आणि काही आठवड्यांत सरावतंही. पण दिवाळी उलटली तरी शाळेच्या वेळेला ज्याचं पोट दुखतं आणि रविवारी जे ठणठणीत असतं, त्या मुलाला हट्टी ठरवून आपण मोकळे होतो. ते मूल बहुधा तक्रार करत असतं. तक्रार शाळेची आणि उपाय मुलावर, असा हा उफराटा कारभार आहे.

तो सुलटा करून दाखवलेला आहे, तोही इथेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेकडे फिरकत नव्हती. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणून विषय संपवता आला असता. या दोघींनी मुलं दिवसभर काय करतात ते पाहिलं. कुणी गुरांमागे होतं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड होतं. मग बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली, गुराखी पोरांसाठी कुरणशाळा निघाली आणि भावंडांसाठी शाळेला जोडून पाळणाघर आलं. मुलांना वळण लावण्याआधी शाळेने आपलं वेळापत्रक आणि जागा बदलली.

आज शहरातल्या मुलाच्या नकारामागची कारणं वेगळी आहेत, पण शोधली तर सापडतात. अपुरी झोप हे त्यातलं एक. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं ते त्यासाठीच. पाणी नसलेलं स्वच्छतागृह हे दुसरं. घरी मराठी बोलणाऱ्या चिमुरड्याला ‘शू लागली’ हेही इंग्रजीतच सांगायला लावणारा वर्ग हे तिसरं. हौसेने भरलेल्या फीमध्ये ही शिक्षाही येते. उरला धाक. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे, तरी टोमणा कुठल्याच नोंदवहीत चढत नाही.

‘आम्हीही मार खाल्ला, बिघडलं काय?’ असं म्हणणारे भेटतात, कारण ते शिकले. त्याच माराने तिसरी-चौथीत शाळा सोडलेली माणसं वर्तमानपत्रांत आठवणी लिहीत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मुलाचं ऐकायचं म्हणजे त्याला घरी ठेवायचं का? तसं करू नये. घरी राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक परत जाणं अवघड होत जातं, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईला ते परवडतही नाही. मूल शाळेत जावंच. पण त्याच आठवड्यात कुणीतरी वर्गशिक्षिकेशी बोलावं, ते कुणाशेजारी बसतं, डबा का परत आणतं, रिक्षात त्याला कोण छळतं हे विचारावं. एका बाईंच्या वर्गात साठ मुलं असतील तर त्यांना हे जमणार नाही, हेही खरं. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्यातच आहे. पालकसभेत स्नेहसंमेलनाच्या वर्गणीआधी त्याचा हिशोब मागायला हरकत नाही.